कॅप्टन बिवलकरांचा लिंकन

सिंगापुरातल्या मराठी माणसाला वर्षातून दोन गोष्टी न चुकता मिळतात. गणपतीत उकडीचे मोदक आणि फेब्रुवारीत कॅप्टन निशिकांत बिवलकरांचा अब्राहम लिंकन. मोदकांचा भरवसा नाही. कधी फुटतात, कधी टाळूला चिकटतात. लिंकन मात्र गेली तेरा वर्षं एकाच चवीचा येतो. बुओना व्हिस्टाला हा कार्यक्रम ठरवणारा श्रीनिवास राहतो त्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये, लिंकनच्या जन्मदिवसाच्या, बारा फेब्रुवारीच्या आगेमागे एखाद्या शनिवारी, दुपारी चार वाजता चाळीसएक माणसं जमतात. त्यातली निम्मी वन-नॉर्थच्या ऑफिसांतून सॉफ्टवेअर लिहिणारी. निमंत्रणात विषय ‘यादवी युद्धातला राष्ट्राध्यक्ष’ असा भारदस्त छापलेला असतो. पण भाषण लोकांना इतकं पाठ झालंय, की बिवलकर पाणी प्यायला थांबले तर पुढचं वाक्य तिसऱ्या रांगेतून येतं.

माणूस मुळात जहाजावरचा. चोवीस वर्षं समुद्रात, त्यातली शेवटची सहा कॅप्टन म्हणून. मग किनाऱ्यावर आले ते एका जहाज कंपनीत सुपरिंटेंडंट होऊन. सुपरिंटेंडंट म्हणजे काय, ते त्यांच्या तन्वीने लहानपणी शाळेच्या निबंधात लिहून ठेवलंय: माझे बाबा जहाज चालवत नाहीत, जहाज चालवणाऱ्यांना फोन करतात. याहून नेमकी व्याख्या कंपनीच्या कागदांतही नाही. अठरा जहाजं त्यांच्या अखत्यारीत. ती मलाक्काच्या सामुद्रधुनीत असोत की चिलीच्या किनाऱ्याला, बिवलकरांचा फोन पोचतोच.

लिंकन त्यांना भेटला तो कॅडेट असताना, जहाजाच्या लायब्ररीत, एका चरित्रात. पुस्तकाची शेवटची पन्नास पानं कोणीतरी फाडून चहाच्या कपाखाली ठेवायला वापरली होती. लिंकनला गोळी घातली हे बिवलकरांना शाळेपासून माहीत होतं, पण पुस्तकात ती अजून लागलेली नव्हती. ते पुस्तक ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले, आणि दर वेळी लिंकन वाचत राहिला. अशा माणसावर जीव जडतोच.

पुढे तो घरात राहायलाच आला. टॅम्पिनीसच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तीन माणसं आणि एक राष्ट्राध्यक्ष. कसलाही पेच आला की बिवलकर हनुवटी खाजवून म्हणायचे, “अशा वेळी लिंकनने काय केलं असतं?”

“आधी डाळ भिजत घातली असती,” त्यांची बायको सुलेखा म्हणायची. “मी सकाळीच सांगून गेले होते.”

भाषणात तासभर बरंच काही असे. लाकडी खोपट, हरलेल्या निवडणुका, गुलामांची सुटका, दुभंगलेला देश. पण लोक थांबत ते पहारेकऱ्यासाठी. तिथे आले की बिवलकर आवाज खाली आणत.

“भाऊ भावावर बंदूक रोखून उभा आहे. अशात एक शेतकऱ्याचा पोर पहाऱ्यावर झोपतो. लष्कराचा कायदा एकच, गोळी. सेनापती म्हणतात, साहेब, याला सोडलंत तर उद्या सगळी फौज घोरेल. आणि तो उंच, हडकुळा माणूस कागद पुढे ओढतो.” इथे बिवलकर खिशातून एक अदृश्य टाक काढत, अदृश्य दौतीत बुडवत आणि हवेत सही करत. ही सही चांगली मिनिटभर चाले. तेवढ्यात लिंकनचा पत्ताही लिहून झाला असता. “दमलेल्या माणसाला झोप लागते,” मग ते म्हणत, “याची शिक्षा मरण असू शकत नाही.” हे वाक्य लिंकनचं की बिवलकरांचं, हे कोणी कधी विचारलं नाही. डोळे पुसता पुसता कोण विचारणार.

गेल्या वर्षी तर कहर झाला. त्यांच्या ताफ्यातलं एक जहाज दुरुस्तीला सिंगापुरात आलं होतं आणि त्यावरचा सेकंड ऑफिसर निघाला वेंगुर्ल्याचा. गुरुप्रसाद. अठ्ठावीस वर्षांचा, कान मोठे, हसला की ते आणखी मोठे दिसायचे. बिवलकरांनी त्याला शनिवारी जेवायला बोलावलं. तो आईने दिलेले काजू घेऊन आला, सुलेखाच्या हातची सोलकढी चार वाट्या प्यायला, “काकू, आता बोट बुडाली तरी चालेल,” म्हणाला, आणि साहेबांबरोबर भाषणाला गेला. पुढच्याच रांगेत बसला. आणि बरोबर पहारेकऱ्याच्या जागी पहिल्यांदा मान गेली, मग घोरणं आलं.

सभागृहात चुळबूळ झाली. बिवलकर टेबलामागून बाहेर आले, झोपलेल्या पोरासमोर उभे राहिले, टाक काढला आणि त्याच्या डोक्यावर हवेत मोठ्या अक्षरांत लिहिलं. “माफ,” असं उच्चारलंही. लोक असे हसले की गुरुप्रसाद दचकून जागा झाला आणि भाषण संपलं समजून टाळ्या वाजवायला लागला. तेरा वर्षांत इतका रंगलेला प्रयोग झाला नव्हता. त्या दिवसापासून गुरुप्रसाद फोनवर त्यांना ‘लिंकनसाहेब’ म्हणू लागला. बिवलकर रागावल्यासारखं करत, पण ‘अरे, पुरे’ म्हणायला जरा उशीरच लावत.

आता जहाजावरच्या झोपेविषयी थोडं सांगायला हवं. जगभरच्या जहाजांवर नियम आहे, की चोवीस तासांत माणसाला निदान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे. नियम चांगला आहे. ज्यांनी केला ते स्वतःच्या घरी झोपतात. जहाजावर प्रत्येकाने आपल्या विश्रांतीचा तक्ता कॉम्प्युटरवर भरायचा. दहा तास भरले की त्या दिवसाचा चौकोन हिरवा, कमी पडले की लाल. लाल चौकोन थेट सिंगापूरच्या ऑफिसात उमटतो. मग जहाज भाड्याने घेणारे विचारतात, तपासनीस विचारतात, आणि उत्तर कोणाकडेच नसतं, कारण खरं उत्तर ‘माणसं कमी आहेत’ हे असतं. म्हणून जहाजांवर एक रीत पडली आहे. झोप मिळो न मिळो, तक्त्यात ती पोटभर घ्यायची.

बिवलकर हे कधी लिहून कळवत नसत. फोन करत, आणि थट्टेत सांगत. “अरे, तुझ्या शेतात तांबडं फार दिसतंय. जरा हिरवळ कर बघू.” ऐकणारा हसायचा आणि हिरवळ करायचा. ही हिरवळ सुलेखाने चौदा वर्षं पोळ्या लाटता लाटता ऐकली होती.

या फेब्रुवारीत गुरुप्रसादचं जहाज एका बंदरात कोळसा भरत तीस तास उभं होतं. तीसही तास तो डेकवर होता. मध्ये कधीतरी लाइफजॅकेटांच्या ढिगावर अंग टाकलं असेल तेवढंच. जहाज सुटलं तसा लगेच पुन्हा पहाऱ्यावर. तक्त्यात ओळीने तीन लाल चौकोन उमटले. रविवारी बिवलकरांचा फोन गेला.

“काय गुरुप्रसाद, शेतात टोमॅटो लावलेस की काय?”

“साहेब, झोपच नाही हो मिळाली. खरंच.”

“मिळेल रे. सिंगापूरला नांगर टाकलात की झोप चार दिवस. आधी तेवढी हिरवळ कर.”

गुरुप्रसादने केली. तिसऱ्या चौकोनात त्याने दहा तास चाळीस मिनिटं भरली. चाळीस मिनिटं उगाच, दिसायला खरं वाटावं म्हणून.

सोमवारी जहाजाने सिंगापूरच्या पूर्वेला नांगर टाकला. दुपारी बारा ते चार पहारा सेकंड ऑफिसरचा असतो. अडीचच्या सुमारास वारा वाढला, नांगर घसरला, आणि जहाज सावकाश, म्हशीने कुंपणाला अंग घासावं तसं, शेजारच्या तेलाच्या तराफ्याला जाऊन टेकलं. कोणाला खरचटलंही नाही. जहाजाच्या पत्र्याला एक पोचा आला. जहाजाचा कॅप्टन धावत वर आला तेव्हा गुरुप्रसाद खुर्चीत होता, हनुवटी छातीवर, दुर्बीण गळ्यात.

बुधवारी ऑफिसात चौकशी झाली. बिवलकरांचे वरिष्ठ मिस्टर लिम थोडं बोलतात आणि त्यातलंही निम्मं पडद्याकडे बघून. त्यांनी तक्ता उघडला.

“दहा तास चाळीस मिनिटं,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा जास्त झोपलाय हा.”

गुरुप्रसादने एकदाच बिवलकरांकडे पाहिलं. बिवलकर चष्मा पुसत होते. “चूक झाली, सर,” गुरुप्रसाद म्हणाला.

लिफ्टजवळ मात्र त्याने साहेबांना गाठलं. “साहेब, हिरवळीचं मी काही काढलं नाही. तुमच्या तोंडून आलेलं बरं दिसेल.”

“बरोबर केलंस. तू काळजी करू नकोस.”

“मी कशाला करू? लिंकनसाहेब आहेत ना आमचे.” आणि तो ते मोठे कान पसरून हसला.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बिवलकरांनी शिफारस भरायची होती. पर्याय दोनच. अतिश्रमामुळे झोप लागली, समज देऊन कामावर घ्यावं, हा एक. पुरेशी विश्रांती असूनही निष्काळजीपणा, काढून टाकावं आणि परवाना देणाऱ्या खात्याला कळवावं, हा दुसरा. दुसरा भरला तर गुरुप्रसादचा परवाना जाणार, जूनमधली बढतीची परीक्षा जाणार, आणि पुन्हा कुठलं जहाज त्याला घेणार नाही. पहिला भरायचा तर खाली एक वाक्य लिहावं लागणार होतं: हा तक्ता खोटा आहे आणि तो मी खोटा करायला सांगितला.

एवढंसं वाक्य. पण ते लिहिलं की अठराच्या अठरा जहाजांचे तक्ते उघडणार. नोकरी जाणार. नोकरीबरोबर इथे राहायचा पास जाणार, आणि पास गेला की तीस दिवसांत सामान बांधायचं. पीआरसाठी, म्हणजे कायम राहायच्या परवानगीसाठी, बिवलकरांनी तीनदा अर्ज केला होता आणि तिन्ही वेळा अतिशय सभ्य भाषेत नकार आला होता. तन्वी ज्युनियर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, नोव्हेंबरात परीक्षा.

गुरुवारी जेवताना ते भात नुसता कालवत बसले होते. तन्वीला वाटलं, शनिवारच्या भाषणाची तयारी चाललीय.

“बाबा, यू ऑलवेज स्किप वन पार्ट,” ती म्हणाली. “द थर्टी-एट.”

“कोण अडतीस?”

“सेम वॉर, लाह,” ती सिंगापुरी शेपूट लावून म्हणाली. “डकोटा ट्राइबने उठाव केला, तीनशे तीन जणांना फाशी ठरली. लिंकनने मोस्ट ऑफ देम सोडले. पण अडतीस जणांना एकाच दिवशी हँग केलं. त्याच्याच ऑर्डरने.”

“माहीत आहे मला. ते भाषणात बसत नाही. नंतर लोकांना चहा गोड लागायला हवा.”

“बट ही रेड एव्हरी केस. आणि नावांची लिस्ट स्वतःच्या हाताने लिहिली. डिफिकल्ट नावं. चुकून दुसरा माणूस लटकू नये म्हणून.” तिने ताट उचललं. “दॅट पार्ट आय रिस्पेक्ट.”

ती आत गेल्यावर सुलेखाने विचारलं, “गुरुप्रसादचं लिहिलंत?”

“उद्या.”

“वाक्य एकच आहे ना?”

“एकच आहे म्हणून तर. आणि हिचं काय करायचं नोव्हेंबरात?”

“ते बघू आपण. माणसं परत जातात, मरत नाहीत.” मग ताटं गोळा करत ती म्हणाली, “त्याच्या आईचे काजू खाल्लेत आपण.”

“काजूवर परवाने ठरत नाहीत, सुलेखा.”

शुक्रवारी त्यांनी फॉर्म उघडला. जहाजाचा क्रमांक, हुद्दा, कर्मचाऱ्याचा आकडा, सगळं कॉम्प्युटरने आधीच भरलेलं. नाव कुठे नव्हतंच. नावाची गरज पडत नाही अशी सोय होती. बिवलकरांनी चहा मागवला, तो गार झाला. पुन्हा मागवला, तो प्यायले. शेराच्या रकान्यात त्यांनी ‘तक्ता’ एवढं टाइप केलं आणि पुसलं. चार वाजता दुसऱ्या पर्यायावर बोट टेकवलं. हवेत सही करायला त्यांना मिनिट लागायचं, इथे क्षणही लागला नाही. पडद्यावर बरोबरची खूण उमटली. हिरवी.

“काय लिहिलंत?” संध्याकाळी सुलेखाने दारातच विचारलं.

“तक्त्यात होतं ते.”

ती आत गेली आणि डाळ भिजत घातली. सकाळी कोणाला सांगितलीच नव्हती.

शनिवारी तिघं एमआरटीने, इथल्या मेट्रोने, बुओना व्हिस्टाला गेली. फंक्शन रूम भरलेली होती. आणि पुढच्या रांगेत, पायाशी बॅग ठेवून, गुरुप्रसाद. कंपनीचं पत्र त्याला सकाळीच मिळालं होतं, परतीचं विमान त्याच दिवशीचं होतं. भाषण ऐकून तसाच विमानतळावर जाणार होता.

बिवलकर दारात थबकले. मागून श्रीनिवासने हळूच ढकललं. “चला कॅप्टन, राष्ट्र वाट बघतंय.”

तीन रात्री त्यांचा डोळा लागला नव्हता. त्या दिवशी ते असे बोलले की पूर्वी कधी बोलले नव्हते. आवाज घोगरा, मध्येच तुटणारा. लाकडी खोपटापाशीच दोघीतिघींनी रुमाल काढले. पहारेकरी आला तेव्हा तिसऱ्या रांगेतून कोणी वाक्य पुरवलं नाही. टाक त्यांनी दौतीत दोनदा बुडवला, लोकांना वाटलं, यंदा नवीन घातलंय. हवेतली सही अर्ध्यावर थांबली. बिवलकर बघत राहिले, आणि त्यांच्याकडे पुढच्या रांगेतून दोन डोळे टक्क उघडे बघत राहिले. तासभर ते एकदाही मिटले नव्हते.

“दमलेल्या माणसाला,” बिवलकर म्हणाले, आणि पुढचं म्हटलं की नाही ते टाळ्यांत कोणाला कळलं नाही. श्रीनिवासने चष्मा काढून डोळे पुसले. गुरुप्रसादने सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवल्या.

चहाच्या टेबलाशी तो आला. बिवलकरांच्या शेजारी सुलेखा कप भरत होती.

“साहेब, या वेळी झोपलो नाही.”

“हो. पाहिलं मी.”

“पत्र आलं.” तो हसायचा प्रयत्न करत होता, कान जागचे हलले नाहीत. “आईला फोन केला होता. ती म्हणाली, साहेबांना दोष देऊ नकोस हं. त्यांनी लिहिलं असणार, वरच्यांनी ऐकलं नसणार. तसंच झालं ना?”

सुलेखाच्या हातातली किटली वरच राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. वाक्य अजूनही एकच होतं, आणि आता तर फक्त एकाच माणसाला सांगायचं होतं. नोकरी, पास, नोव्हेंबर, कशालाच धक्का लागणार नव्हता.

“लिहिलं होतं रे,” बिवलकर म्हणाले. “वर मानलं नाही कोणी.”

“मला माहीत होतं,” गुरुप्रसाद म्हणाला, आणि वाकून त्याने त्यांच्या पायांना हात लावला. बिवलकरांना पाय मागे घेता आले असते. त्यांनी “सुखी राहा” म्हटलं. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

मग त्याने बॅगेतून एक पुडा काढून सुलेखाला दिला. “काजू, काकू. सुट्टीवरून येताना आणले होते. मागच्या खेपेला आवडले होते ना.”

तिने तो दोन्ही हातांनी घेतला.

बुओना व्हिस्टा ते टॅम्पिनीस एकच गाडी, गाडी बदलायची नाही. बिवलकरांना गाडीत बसलं की झोप लागते. जहाज सुटलं, डुलणं सुटलं नाही. चौदा वर्षांचा शिरस्ता असा, की सिमेई आलं की सुलेखाचं कोपर त्यांच्या बरगडीत बसायचं. पुढचं स्टेशन टॅम्पिनीस. तिला ते कोपर झोपेतसुद्धा मारता आलं असतं. त्या संध्याकाळी ते सिटी हॉलच्या आधीच गाढ झोपले. तोंड उघडं, हनुवटी छातीवर.

सिमेई आलं. गेलं. टॅम्पिनीस आलं तेव्हा तन्वी उठली आणि बाबांच्या खांद्याकडे तिने हात नेला.

“राहू दे,” सुलेखा म्हणाली.

“मम्मी, ही’ल मिस द स्टॉप.”

“उतर तू.” तिने पिशवीतून काजूंचा पुडा काढला आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. दोघी उतरल्या. दारं मिटली.

पासिर रिसला गाडी संपते. डबा रिकामा झाल्यावर झाडूवाल्या म्हाताऱ्याने त्यांच्या बुटाला हळूच झाडू लावला. “अंकल, लास्ट स्टॉप. स्लीप ॲट होम, लाह.”

बिवलकर दचकून जागे झाले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग फोन लावला.

“अगं, मी पासिर रिसला आलो. उठवायचं नाहीस का?”

“कशाला?” सुलेखा म्हणाली. पाठीमागे टॅम्पिनीसच्या मॉलचा कलकलाट ऐकू येत होता. “तुमच्या तक्त्यात झोप पुरी आहे.”

फोन बंद झाला. हीच गाडी उलटी फिरून टॅम्पिनीसला जाणार होती, एकच स्टेशन, तीन मिनिटं. लोक चढू लागले होते. बिवलकर पुडा धरून बसून राहिले. पुड्यावर बॉलपेनने, ठळक आणि जरा तिरक्या अक्षरांत, कोणीतरी स्वतःच्या हाताने नाव घातलं होतं: कॅप्टन निशिकांत बिवलकर साहेब. चुकून दुसऱ्या कोणाला जाऊ नये म्हणून.